धाव : तोफगाड्याच्या चाकापासून जोंगाच्या टायरपर्यंत

जुनी जीप किंवा जोंगा विकत घेणारा माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, मग पत्र्यावर टिचक्या मारून पाहतो, कागदपत्रे चाळतो आणि चाकांकडे सगळ्यात शेवटी बघतो. "टायर काय हो, बदलून टाकू," असे वर म्हणतो. आपल्या सदरमध्ये गेल्या काही वर्षांत अशा गाड्या बाळगण्याची हौस वाढली आहे. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या, कुणाच्या तरी आवारात चिंचेखाली वीस-पंचवीस वर्षे उभ्या असलेल्या गाड्या रंगरंगोटी होऊन पुन्हा रस्त्यावर येत आहेत. आमच्या कार्यालयातले दोघे-तिघेही या नादाला लागले आहेत. माझा रेल्वेच्या चाकांशी रोजचा संबंध, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो : "साहेब, चाके कोणती घालू?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो आणि त्या इतिहासात आपल्या जबलपूरचा वाटा चांगलाच मोठा आहे. इथे राहून आपल्याला तो ठाऊक नसावा, हे बरे नाही.

मराठीत टायरला स्वतःचा शब्द आहे, धाव. बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पुठ्ठे आणि या सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. हिंदीत तिला हाल म्हणतात. लोहार पट्टी वळवून तिचे कडे करतो आणि ते चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम जरासे लहान ठेवतो. मग गोवऱ्यांच्या आगीत ते कडे लाल होईपर्यंत तापवायचे, दोघा-तिघांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे, घणाने ठोकायचे आणि लाकूड पेट घेण्याआधी वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते, आरे तुंब्यात आणि पुठ्ठ्यांत घट्ट रुततात. चाक धरून ठेवतो तो हा आवळ. खिळ्यांचे काम दुय्यम.

आता आमच्याकडचे पाहा. वाफेच्या इंजिनाचे चाक दोन तुकड्यांचे असे. मधला भाग एक आणि त्यावर चढवलेला पोलादी टायर दुसरा. टायरचा आतला व्यास मधल्या भागापेक्षा साधारण हजारात एक भाग कमी ठेवत. टायर गरम करून फुगवायचा, चाक त्यात उतरवायचे, थंड होऊ द्यायचे. जोडीला एक कडी ठोकून बसवत, ग्लट रिंग नावाची. पुढे टायर आणि मधला भाग या दोहोंवरून रंगाची एक आडवी रेघ मारत. ब्रेकच्या उष्णतेने टायर सैल होऊन सरकला, तर रेघ तुटलेली दिसे. हातोडीचा टोला मारला की घट्ट टायर घंटेसारखा वाजे आणि सैल टायर भद्द बोले. म्हणजे खेड्यातला लोहार आणि परळच्या वर्कशॉपमधला फिटर एकच विद्या जाणत होते. फरक मोजमापाचा. आता आपल्या डब्यांची चाके एकसंध असतात. १९८४ पासून बेंगळुरूजवळ येलहंकाला ती ओतली जातात आणि टायर चढवण्याचे काम बहुतेक संपले आहे.

या दोन विद्यांच्या मधोमध उभे राहिले ते तोफगाड्याचे चाक. बैलगाडीच्या चाकाला फक्त ओझे पेलायचे असते. तोफगाड्याच्या चाकाला ओझे तर आहेच, पण घोडे दौडत असताना खाचखळग्यांतून आपटायचे आहे आणि प्रत्येक बार उडाला की मागे धक्काही खायचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला आपल्या हवेने या बाबतीत रडवले. उन्हाळ्यात लाकडी तुंबा आकसून तडकतो, पावसाळ्यात फुगतो आणि तुंबा गेला की सगळे चाकच निकामी. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर कंपनीने श्रीरंगपट्टणला तोफगाड्यांचा कारखाना काढला. पुढे तो मद्रासला गेला. तिथल्या कारागिरीतून जे चाक घडले त्याचे नावच मद्रास पॅटर्न. त्यात लाकडी तुंबा नाही. आऱ्यांची आतली टोके पाचरीसारखी तासून कमानीच्या दगडांप्रमाणे एकमेकांना भिडवलेली आणि दोन बाजूंनी धातूच्या तबकड्या बोल्टांनी आवळलेल्या. एखादा आरा मोडला तर बोल्ट सैल करून तेवढाच बदलायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या तोफखान्याने हे चाक उचलले आणि नावही मद्रासचेच राहू दिले. इंग्लंडहून आपल्याकडे काय काय आले याच्या याद्या आपण वाचतो. हे चाक उलट दिशेने गेले, त्याची दखल फारशी कुणी घेत नाही.

मद्रास, मुंबई आणि फतेहगढ असे तीन ठिकाणचे जुने कारखाने मोडून विसाव्या शतकाच्या आरंभी तोफगाड्यांचे सगळे काम एका जागी आणले गेले. ती जागा म्हणजे जबलपूर. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. जागेची निवड आजही पटण्यासारखी आहे. समुद्रापासून दूर, भोवती जंगल आणि रेल्वेचा सांधा. मुंबईहून येणारी जी. आय. पी. आणि कलकत्त्याहून येणारी ईस्ट इंडियन या दोन्ही रेल्वे १८७० मध्ये इथेच येऊन मिळाल्या होत्या. शिसव आणि बाभूळ ही चाकांची नावाजलेली देशी लाकडे. बाभळीला आपण सरपणात काढतो, पण तिचा चिवटपणा आऱ्या-पुठ्ठ्यांच्या कामात फार मोलाचा.

मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या खाली चाके कुठली आली? सायकलची तारांची आणि तोफगाड्याची लाकडी. वॉल्टर हॅन्कॉक नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८३० च्या दशकात आपल्या वाफेवर चालणाऱ्या गाड्यांना पाचरीसारख्या आऱ्यांची चाके लावलीच होती. १९०० नंतरच्या मोटारींवर हाच घाट सर्रास दिसू लागला आणि त्याला नाव पडले आर्टिलरी व्हील, म्हणजे तोफखान्याचे चाक. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने मॉडेल टी गाड्या दीड कोटींच्या वर बनवल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच लाकडी आऱ्यांवर धावल्या.

ज्यांच्याकडे लाकडी आऱ्यांची गाडी असेल (असे भाग्यवान आपल्यात कमीच), त्यांनी रंगाला भुलू नये. आरा जिथे वर्तुळात शिरतो तिथे रंगावर बारीक काळी रेघ दिसली, तर आत लाकूड हलते आहे असे समजावे. प्रत्येक आऱ्यावर लाकडी हातोडीने टोला मारून आवाज ऐकावा. शेतकरी उन्हाळ्यात गाडीची चाके नदीत नाहीतर डबक्यात टाकून ठेवतो, लाकूड फुगते, धाव घट्ट होते. बैलाच्या चालीला हा उपाय पुरतो. मोटारीला नाही. कारण फुगलेले लाकूड लोखंडाच्या आवळात दबते आणि पुन्हा सुकले की पहिल्यापेक्षा सैल होते. तिथे नवे आरे घालणे हाच मार्ग. त्यासाठी आरा आणि पाचर दोन्ही समजणारा सुतार शोधावा लागतो आणि तो दर वर्षी जास्त दुर्मिळ होत चालला आहे.

तारांच्या चाकाचे गणित वेगळे. लाकडी आरा दाब सोसतो, तार ओढ सोसते. एकेक तार बोटाने छेडावी. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा हवा. एखादी बद्द वाजली, तर तिच्या शेजारणी तिचे ओझे वाहत आहेत असे समजावे.

आता रबराकडे वळू. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतले. ते सगळे विसरले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते पुन्हा शोधले. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार पळवली. सुरुवातीचे टायर पांढरट असत. काजळी मिसळली की रबर कितीतरी पट टिकते, हे १९१२ च्या सुमारास कारखान्यांत रुळले आणि तेव्हापासून टायर काळा झाला. म्हणून फार जुन्या मोटारीला पांढरे टायर घातलेले दिसले, तर मालकाचा चोखंदळपणाच समजावा. फायरस्टोन कंपनीने १९०८ मध्ये काढलेल्या टायरवर तर नक्षी म्हणून इंग्रजीत "नॉन स्किड" हीच अक्षरे उठवलेली होती. घसरणार नाही, असे टायर स्वतःच रस्त्याला सांगत असे!

जुन्या टायरवरचे आकडे वाचताना घोटाळा होतो, म्हणून थोडे सांगतो. ३० × ३½ असे लिहिले असेल, तर पहिला आकडा टायरचा बाहेरचा व्यास, इंचांत. रिम किती इंचांची? दोन्हीकडचे साडेतीन वजा करा, उरले २३. पुढे पद्धत उलटली. ६.०० - १६ म्हणजे टायरची जाडी सहा इंच आणि रिम सोळा इंचांची. आताच्या टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांतच! एका आकड्यात तीन हिशेब. जगात इतकी खिचडी दुसऱ्या कुठल्या वस्तूवर छापत असतील असे वाटत नाही. पहिल्या जातीच्या टायरची कड रिमच्या वळलेल्या ओठात अडकून राहते. तिथे हवेचा दाब आजच्या मोटारीच्या जवळजवळ दुप्पट ठेवावा लागे. हवा कमी पडली की टायर रिमवरून निसटतो. अशा मापाचे टायर आपल्या बाजारात मिळणार नाहीत. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटानूगाची कोकर कंपनी जुन्या साच्यांबरहुकूम टायर बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिकडून मागवताना किमतीबरोबर बोटीचे भाडे आणि जकातही धरावी.

आपल्या देशात टायरचा कारखाना निघाला १९३६ मध्ये, हुगळीकाठी साहागंजला, डनलॉपचा. आज तो बंद आहे, पण उत्तरेकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला अजून डनलप म्हणतात. आपल्याकडच्या ऊसवाल्यांची ती टायरगाडी. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला, रबराचा पुरवठा तुटला आणि टायरवर रेशन आले. त्या काळात लोक टायर किती जपत, याची आज कल्पना येणार नाही. स्टेपनी हा शब्दही असाच उरला आहे. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा काढला. पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून अडकवायचे ते आऱ्यांविना कडे होते. कंपनी गेली, वस्तूही गेली, पण त्या गल्लीचे नाव जबलपूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी रोज आहे.

आता आपल्या गाड्यांकडे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज किंवा फोर्ड जीप ६.०० - १६ वर चालत असे. टायरवर दोन्ही दिशांना सारखी पकड देणारी लष्करी नक्षी. युद्धातल्या जीपचे रिम बऱ्याचदा दोन तुकड्यांचे, बोल्टांनी जोडलेले असते. इथे हात जोडून सांगतो : हवा पूर्ण काढल्याशिवाय, व्हॉल्व्हची पिन बाहेर घेतल्याशिवाय, रिमच्या जोडाचे नट सैल करू नका. चाक उतरवायचे नट आतल्या वर्तुळात, जोडाचे नट बाहेरच्या. नवखा पोरगा बाहेरच्याला पाना लावतो आणि दाबाखालचा तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. दुसरी गोष्ट, या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. बोल्टाच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला आढळेल. हे न पाहता जोर लावून बोल्ट मोडणारे मिस्त्री सगळीकडे आहेत.

जोंगा तर आपल्याच गावची. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली यांची आद्याक्षरे जुळवून नाव झाले. निसानच्या पेट्रोल गाडीवरून घेतलेली (हे पेट्रोल म्हणजे गस्त, इंधन नव्हे), सहा सिलिंडर, ३९५६ सी. सी. गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ पासून शक्तिमान ट्रक बनू लागले होते. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि १९९९ पर्यंत जोंगा तिथे बनत राहिली. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने जोंगा घेतल्याची छायाचित्रे झळकली, तेव्हापासून शाळकरी पोरांनाही हे नाव पाठ झाले. ज्यांच्या घरातल्या माणसांनी या गाड्यांच्या नटांवर पाने फिरवले, ती घरे आपल्या वर्गणीदारांतही आहेत.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी फॅक्टरीत उमेदीची वर्षे काढली आणि नंतर लिलावातली एक जोंगा घेतली. चिरंजीवांना तिच्याखाली रुंद, चकचकीत अलॉय चाके हवी होती. वडिलांना ती गाडी कारखान्याच्या दारातून निघाली तशी हवी होती. घरात दोन महिने अबोला. शेवटी दोघे माझ्याकडे आले. मी बाजू घेतली नाही, आकडे मांडले.

पहिला आकडा व्यासाचा. २८ इंची टायरच्या जागी ३० इंची घातला, तर घेर सुमारे सात टक्के वाढतो. स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी चौसष्टच्या पुढे असेल. आमच्या डिझेल इंजिनाचे चाक नवे असताना १०९२ मिलिमीटर, झिजून १०१६ ला बाद होते. तोही फरक सात टक्क्यांचाच, फक्त उलट दिशेचा, म्हणून तिथे स्पीडोमीटरला चाकाचा व्यास सांगावा लागतो. जोंगाला कोण सांगणार? शिवाय मोठ्या चाकाने स्टीअरिंग जड होते, ब्रेकला तितकेच जास्त काम पडते आणि ब्रेक तर जुनेच.

दुसरा आकडा चारही चाकांच्या सारखेपणाचा. रेल्वेच्या डब्याची चाके तासताना एका धुरेवरच्या दोन चाकांत अर्ध्या मिलिमीटरहून, एका बोगीत ५ मिलिमीटरहून आणि एका डब्यात १३ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. जोंगा आणि जीपला पुढची-मागची चाके एकदम जोडली की मध्ये सैल सोडणारा डिफरन्शियल नाही. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर कोरड्या रस्त्यावर गिअरपेटी आतल्या आत पिळली जाते. म्हणून टायर घ्यायचे तर पाचही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे.

तिसरी गोष्ट जातीची. जुने टायर क्रॉस-प्लाय, म्हणजे आतले दोरे तिरपे, एकमेकांवर फुली मारणारे. रेडियलमध्ये दोरे आडवे, कडेपासून कडेपर्यंत सरळ आणि वर पट्टा. मिशलिनने तो १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. रेडियल वळणावर जास्त धरतो, ओल्या रस्त्यावर तर फारच बरा. पण त्याची बाजू लवचिक, त्यामुळे रिमवर ताण वेगळ्या जागी येतो. गंजून पातळ झालेल्या किंवा रिव्हेट मारलेल्या रिमला तो मानवेलच असे नाही. जुन्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटाही नसतो, म्हणून आत ट्यूब हवीच, तीही रेडियलला चालणारी. दोन्ही जाती एका धुरेवर कधीही मिसळू नयेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय हे तर सगळ्यात घातक, कारण वळणावर पुढचे टायर धरून ठेवतात आणि मागची बाजू सुटते.

माझे मत विचाराल तर मिरवणुकीत आणि प्रदर्शनात मिरवणाऱ्या गाडीला मूळ मापाचा, लष्करी नक्षीचा क्रॉस-प्लायच शोभतो. महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरला नेणार असाल, रिम पोलादी आणि निकोप असेल, तर मूळ मापाच्या जवळचा अरुंद रेडियल घालावा. जुनी चाके मात्र घरात जपून ठेवावीत. रुंद टायर मडगार्डबाहेर काढून चिखल उडवत फिरणे मला तरी आवडत नाही. पण ती माझी आवड झाली.

टायरचे वय नक्षीवरून ठरवू नये. हौसेची गाडी वर्षात पाचशे किलोमीटर चालत नाही, नक्षी नव्यासारखी राहते आणि बाजूंना भेगा पडतात. २००० पासूनच्या टायरवर कारखान्याची तारीख चार आकड्यांत असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला. तो कितीही काळाभोर दिसो, गाडीखाली घालू नये. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ठोकळ्यांवर उचलून ठेवावी.

कायद्याचेही दोन शब्द. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी त्यात बसते. नंबरात व्ही-ए ही अक्षरे, नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या खेपेला ५,००० रुपये. रोजच्या वापराला अशी गाडी नेता येत नाही. मोजणी पहिल्या नोंदणीपासून आहे, गाडी बनल्याच्या सालापासून नाही. लष्करातून निघालेल्या गाडीची मुलकी नोंदणी लिलावानंतरची असते, तेव्हा कागद नीट पाहूनच बेत करावा.

त्या बापलेकांनी शेवटी अलॉय चाकांचा नाद सोडला. मुलाने स्वतः रिम घासून, तडे तपासून, हिरवा रंग दिला. पाच टायर एकाच आठवड्याचे मिळवायला त्याला तीन गावे फिरावी लागली. बसवल्यावर वडिलांनी प्रत्येक टायरवर खडूची खूण केली, गाडी सपाट फरशीवर एक फेरा ढकलायला लावली आणि टेप घेऊन चारही घेर वहीत लिहून घेतले. मागचा डावा तीन मिलिमीटरने कमी भरला. तो त्यांनी उतरवून स्टेपनीला टाकला आणि पाचवा त्या जागी लावला.